कानाला काम

खोली भाड्यानं देताना जयपुरात तीन प्रश्न विचारतात. कुठं काम करता, अंडं-मटण शिजवता का, आणि रात्री किती वाजता परत येता. मी सोडाला भागात चार घरं पाहिली होती आणि तिन्ही उत्तरं मला तोंडपाठ झाली होती. पाचव्या घराच्या फाटकात पदर कमरेला खोचलेली एक ठेंगणी, साठीची बाई उभी होती. तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, नाव विचारलं, आडनावावरून काय ते ओळखलं आणि सरळ मराठीत विचारलं, "आवाजाचं वावडं हाय का तुला?"

जयपुरात येऊन मला अकरा दिवस झाले होते आणि तोवर कुणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं. मला रडूच यायचं बाकी राहिलं. "मराठी तुम्ही?"

"साताऱ्याची. तू?"

"मिरजेची."

"मग तर घरचीच की. पण आधी मी इचारलं त्याचं सांग."

त्यांनी मला रिकाम्या खोलीत नेलं, भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि स्वतः पलीकडच्या खोलीत गेल्या. बटण दाबल्याचं ऐकू आलं आणि पाठोपाठ भिंतीपलीकडे जणू पिठाची गिरणी सुरू झाली. खड् खड् खड् करत आवाज चढत गेला. मध्येच एकदा दाताखाली खडा यावा तसं 'कट्' व्हायचं, की पुन्हा खडखड. त्या खडखडीवर आवाज चढवून बाई ओरडल्या, "चालंल का?"

घरं बघून माझे पाय दुखायला लागले होते. मी म्हटलं, चालेल.

"बग हां! बाराबी म्हैने चालतो ह्यो. मागनं कुरकूर न्हाई चालायची, मतलब, आधीच सांगितलेलं बरं."

तर या जाधवकाकू. यजमान फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. शेवटची बदली जयपूरची, तेव्हा सोडाल्यात हे बैठं घर घेतलं आणि दोघं इथंच राहिली. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला. मागच्या बाजूची एक खोली भाड्यानं द्यायची, ती मला मिळाली. मी सीतापुऱ्यात कापड निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात काम करते. बगरूहून ठशांनी छापलेलं कापड येतं, त्यातले डाग शोधणं हे माझं काम. थोडक्यात, दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा मला पगार मिळतो. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी जो घोळ घातला तो याच खोडीपायी.

भिंतीपलीकडची ती गिरणी म्हणजे एक पंखा होता, लोखंडी, टेबलावर ठेवायचा, हिरव्या रंगाचा. रंगाचे पोपडे उडालेले. लग्नानंतर काही वर्षांनी फौजेच्या कँटीनमधून घेतलेला. त्यानंतरच्या प्रत्येक बदलीत तो गोधडीत गुंडाळून काळ्या ट्रंकेतून फिरला. जयपूरच्या जानेवारीत माणसं दोन-दोन रजया घेऊन झोपतात, पाण्याला हात लावायचा म्हटलं तरी जिवावर येतं. काकूंचा पंखा तेव्हाही चालू. फक्त त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं असायचं. वारा भिंतीला, आवाज काकूंना.

गल्लीत सगळ्यांच्या इन्व्हर्टरवर दिवे, टीव्ही, कुणाकुणाचा फ्रीज असतो. काकूंच्या इन्व्हर्टरवर एकच वस्तू होती. लाइट गेली की घरात अंधार, काका मेणबत्तीच्या उजेडात पेपर वाचतायत आणि पंखा मात्र ऐटीत खडखडतोय, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"कानाला काम लावा, डोळा आपसूक मिटतोय," हे काकूंचं ठरलेलं वाक्य. कुणी झोपेची तक्रार केली रे केली की काकूंचा दवाखाना सुरू. समोरच्या गुप्ता भाभींची नात दुपारची झोपेना, तर काकूंनी तिचा पाळणा उचलून कूलरपुढं नेऊन ठेवला. "मोटर घुमतीया, गवतावर पानी पडतंया, अजून काय पायजे लेकराला? देखो भाभी, सो गयी!" आणि खरंच पोर गाढ झोपलं. त्या दिवसापासून गल्लीत काकूंना मान मिळाला. आणि पाठीमागं हसूही. 'खटारा आंटी' हे नाव मी दोनदा ऐकलं. काकूंनी तर शंभरदा ऐकलं असणार. त्यांना काही वाटायचं नाही.

पहिला आठवडा माझा डोळ्याला डोळा लागला नाही. काकू म्हणाल्या, "तू त्याच्यासंगं भांडतीस. भांडू नगं. दळण चाललंय म्हणून समज आणि पड." तिसऱ्या आठवड्यात मी ओंडक्यासारखी झोपायला लागले. दिवाळीला मिरजेला गेले तर आमच्या शांत घरात टक्क जागी! आई म्हणाली, "काय गं, कुणी आहे का मनात?" आता तिला काय सांगू, की मनात पंखा आहे.

एकदा मी त्यांच्या फोनमध्ये झोपेचे आवाज उतरवून दिले. पाऊस, समुद्र, धबधबा, असलं सगळं असतं त्यात. काकूंनी फोन कानाशी धरून एकेक आवाज, पातेल्यातली आमटी चाखावी तसा, चाखून पाहिला. "पाऊस बरा हाय. पण दम न्हाई ह्याच्यात. पल्याडच्या खोलीत तरी जाईल का ऐकू?"

"काकू, पलीकडे कशाला जायला हवा? तुम्हाला ऐकू आलं की झालं."

"व्हय की. ते बी खरंच," असं म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला तो ठेवलाच.

काकांचा आवाज मात्र अजिबात नाही. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा. स्वतःचे कपडे स्वतः इस्त्री करणार, कुंड्यांना पाणी घालणार, दुपारी दोनला झोपणार आणि चारला उठणार. पंख्याचा विषय निघाला की कानकोंडं हसायचे. "आमच्या हिला आवाज लागतो," एवढंच. फौजेतलं काही विचारलं तर म्हणायचे, "नोकरी होती. केली. संपली."

एकदाच ते आपण होऊन बोलले, तेही पंख्याबद्दल. भाचीच्या लग्नाला साताऱ्याला गेले होते दोघं, पौष संपल्या संपल्या, कडाक्याच्या थंडीत. काकूंनी वळकटीत पंखा बांधून नेला! गाडीत काही गरज नव्हती म्हणे, रेल्वे आपली आपणच खडखडते. पण कार्यालयात वळकटी सोडली, पंखा बाहेर काढून ठेवला आणि काकू चहाला गेल्या. तेवढ्यात मुलाकडच्या कुणीतरी तो आहेर समजून उचलला आणि भांड्यांच्या ढिगात नेऊन ठेवला. मग काय विचारता! भरल्या मांडवात आत्याबाई आहेर परत मागतायत. नवरदेवाची आई म्हणाली, जुना दिला तर दिला, वर परत घेतात? काकूंनी तिथल्या तिथं गळ्यातली बोरमाळ काढून भाचीच्या गळ्यात घातली आणि पंखा काखोटीला मारून आणला.

"बोरमाळ गेली, पण पंखा आला," काका म्हणाले आणि बराच वेळ हसत राहिले. काकू आतून ओरडल्या, "झोप महत्त्वाची!"

पण मला एक कोडं पडलं होतं. आवाजाशिवाय जिला झोप येत नाही ती बाई माझ्या सुट्टीच्या दिवशी दुपारी चार-सव्वाचारला, काका उठून कुंड्यांपाशी गेले की, अंगणातल्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेली दिसायची. मांडीवर अर्धी निवडलेली मेथी, तोंड जरासं उघडं. आसपास चिडीचूप. मी चिडवलं की म्हणायच्या, "झोपले न्हवते. डोळे मिटले व्हते." डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. मला वाटायचं, वय झालं, दुसरं काय.

मागल्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. घरी कळवलं असतं तर आई गाडीत बसली असती, म्हणून कळवलं नाही. सोळा दिवस काकूंनी माझं सगळं केलं. पेज, मऊ भात, डोक्यावर पट्ट्या, चादरी धुणं. मी आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "गप पड. ऋण फेडायचं ते मिरजेला जाऊन आईचं फेड." तेव्हापासून मनात होतं की या बाईसाठी आपण काहीतरी करायचं.

संधी मार्चमध्ये आली. एका शनिवारी सकाळी पंख्याची वायर उघडी पडून काकूंना झटका बसला. आमच्या कारखान्यात पंखे दुरुस्त करणारा एक मिस्त्री आहे आणि शनिवारी आमची अर्धी सुट्टी असते. मी म्हटलं, द्या, जेवणाच्या आत आणते.

काकू द्यायला तयार नव्हत्या. शेवटी दिला, पण तीनदा बजावलं. "वायर तेवढी बदल. दुसऱ्या कशाला हात लावू दिऊ नगं. शपथ हाय माझी."

पंखा मांडीवर घेऊन मी सीतापुऱ्याच्या बसमध्ये बसले. कंडक्टर म्हणाला, "मैडम, इतनी गर्मी लग रही है?" अख्खी बस हसली. मीही हसले.

मिस्त्रीनं वायर बदलली, पंखा लावून पाहिला आणि त्याचा चेहरा असा झाला जसा माझा कापडावर डाग दिसला की होतो. "बुश घिस गया है. जाली भी टेढ़ी है. पाँच मिनट का काम है मैडम, मक्खन कर दूँगा."

मला शपथ आठवली. पण मला काकाही आठवले. इतकी वर्षं हा माणूस बायकोपायी ती खडखड उशाशी घेऊन झोपतोय आणि तोंडातून ब्र काढत नाही. आणि काकूंचं काय, सवय आहे. सवय मोडली की मोडली. उलट शांत झोपतील, ती काळी वर्तुळं तरी जातील. खोट दिसली की ती काढायची, एवढंच मला येतं. मी म्हटलं, "कर दो."

दीड वाजता मी पंखा टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. पाती फिरली. आवाज नाही. मी ऐटीत म्हटलं, "बघा काकू, फुलासारखा फिरतोय."

"वा!" काका म्हणाले. "याला वाराही आहे हे आज कळलं."

काकू पंख्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला परवडला असता. त्या घाबरल्या होत्या. का ते मला कळेना.

दोन वाजता काका झोपायला गेले. मी माझ्या खोलीत आले. पलीकडे आधी मिक्सर सुरू झाला. आत काही नसताना मिक्सर कसा वाजतो ते ओळखू येतं, तसा वाजत होता. मग टीव्ही लागला, मोठ्यानं. मग पुन्हा मिक्सर. मला हसू आलं. म्हटलं, करमत नाहीये बाईला, होईल चार दिवसांत सवय.

आणि लाइट गेली.

मिक्सर थांबला, टीव्ही थांबला. मार्च महिना, गल्लीतले कूलर अजून उघडलेही नव्हते. इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरत असणार, बिनबोभाट, मी करून आणला होता तसा. त्या शांततेत भिंतीपलीकडून एक माणूस रडायला लागला.

म्हाताऱ्या माणसाचं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मोठा, फुटका आवाज होता. "ऊठ की रं. ऊठ. मी काय सांगू तुझ्या आईला? ऊठ की!" पुन्हा पुन्हा तेच. मध्ये कण्हणं, मध्ये कुणाला तरी ओढून नेताना लागावी तशी धाप. आणि त्याच्या खालून काकूंचा दबका आवाज, "हाय मी. हितंच हाय. झोपा. झोपा."

मी पलंगावर दोन्ही हात तोंडावर दाबून बसून राहिले. मग ते थांबलं.

थोड्या वेळानं मागच्या दारानं काकू आल्या. उभ्याच राहिल्या. "ऐकलंस?"

"नाही काकू. काय?"

"खोटं बोलू नगं. तुला जमत न्हाई." त्या खाली बसल्या, भिंतीला टेकून. मग हलक्या आवाजात सांगायला लागल्या, दर दोन वाक्यांमागं पलीकडची चाहूल घेत. मुलगी पाच वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. सीमेवर पोस्टिंग होतं. काकांच्या गावचाच एक जण, यांच्याच भरवशावर भरती झालेला, यांच्या शेजारीच गोळी लागून गेला. काका घरी परतले ते धडधाकट. पण डोळा लागला की हे सुरू. जागे झाले की त्यातलं अक्षर आठवत नाही.

"पयल्यांदा मी सांगितलं व्हतं त्यास्नी. झोपेत रडताय, म्हटलं. माजी चूक झाली. आठ दिवस पाठ टेकली न्हाई गं त्यांनी. खुर्चीत ताठ बसून राहायचे. माझ्याकडं मान वर करून बघेनात. लाजले, मतलब, बायकोला लाजले. मग नवव्या दिवशी मी म्हटलं, अवो, मलाच सपान पडलं असंल, मलाच ह्या क्वार्टरात धड झोप न्हाई. मला आवाज लागतो, पंखा आणू एक. आणला. तवापासून मला आवाज लागतो."

"डॉक्टरांना दाखवायचं ना, काकू."

"त्यासाठी आधी त्यास्नी सांगावं लागंल."

मी उठून त्यांना पाणी दिलं.

"क्वार्टरच्या भिती पातळ. हितल्या बी पातळच. कुणी तरी ऐकणार, कुणी तरी बोलणार, आणि ते फिरून त्यांच्या कानावर जाणार. लोक मला हसत्यात, हसू द्यात. मला खटारा म्हणू द्यात न्हाईतर बावळट. त्यांची मान खाली गेल्याली मी एकदा बघितलीया. परत न्हाई बघायची मला."

मी त्यांचे पाय धरले. खरंच धरले, आणि हुंदके देऊन रडले. त्या म्हणाल्या, "रडू नगं. रडायचा आवाज जातोय तिकडं. ते सहाला दुधाला जात्यात. तवा ये."

सहाला काका पिशवी घेऊन बाहेर पडले. काकूंनी ओट्यावरचा खलबत्त्यातला बत्ता आणला. मी पंखा धरून ठेवला आणि त्यांनी जाळीवर एक दणका घातला. लावून पाहिला. नुसतं घूंऽ झालं. "गुळमुळीत हाय," काकू म्हणाल्या. दुसरा दणका. तिसऱ्याला जाळी आत गेली आणि पात्याला लागली. खड् खड् खड्! 'कट्' काही आला नाही, पण भिंतीपलीकडे जाईल असा दम होता. काकूंनी डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकलं. मग बत्ता खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. मला वाटतं, त्या घरात मी तेव्हा पहिल्यांदाच खरी हसले असेन.

"त्यास्नी कदी कळता कामा नये," त्या म्हणाल्या.

"नाही कळणार."

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी जेवणं आटोपल्यावर माझं दार वाजलं. काका होते. हातात वाटीत चिरलेले दोन पेरू, तिखटमीठ लावलेले. ते कधी माझ्या खोलीत येत नसत. आतही आले नाहीत, उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"बेटा, काल तू पंखा चांगला करून आणलास. हौसेनं आणलास. वाईट वाटून घेऊ नको."

"कशाचं, काका?"

"संध्याकाळी दूध घेऊन आलो तर पुन्हा खडखड. आज सकाळी पाहिलं, जाळी चेपलेली. हिनंच चेपली." ते मिशीतल्या मिशीत हसले आणि आवाज अगदी खाली आणला. "तिला काही बोलू नको. मी पण नाही बोललो. खरं सांगू? मला त्या आवाजात लवकर झोप लागत नाही. कधीच नाही लागली. पडून राहतो, मग केव्हातरी लागते. पण तिला आवाज लागतो ना. माझ्यामागं मुलीला काखेला घेऊन किती गावं फिरली ती. मी वर्ष-वर्ष लांब, ती एकटी. तेव्हाच कधीतरी तिची झोप उडाली असणार. माझ्यामुळेच. एवढं तर मी सोसायला हवं."

मी वाटी हातात धरून उभी होते. एका वाक्यात सगळं सांगून टाकता आलं असतं. मी म्हटलं, "नाही बोलणार, काका."

"शाब्बास." त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजायला आले होते. "चला, जातो. मी आडवा झाल्याशिवाय ती काही झोपायची नाही."